स्तन काढल्यानंतर पुनर्रचना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मी तयार केलेले नाहीत. फोनवर, व्हॉट्सॲपवर, ओपीडीबाहेरच्या बाकड्यावर नंबरची वाट बघताना ते मला विचारले गेले. पुन्हा पुन्हा विचारले गेले, म्हणून एकदाचे लिहून काढले. मी डॉक्टर नाही. डावा स्तन काढल्यावर सहा वर्षं तशीच राहिले आणि मग पोटाच्या मांसातून नवा करून घेतला, एवढाच माझा अधिकार. तुमचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, तुमच्या सर्जननी पाहिलेत. तेव्हा इथून प्रश्न घेऊन त्यांच्याकडे जा, निर्णय घेऊन जाऊ नका.

१. पुनर्रचना म्हणजे नेमकं काय? ती फॅशनवाली प्लास्टिक सर्जरीच ना?

कॅन्सरसाठी स्तन काढतात त्याला मॅस्टेक्टॉमी म्हणतात. त्या जागी पुन्हा स्तनाचा आकार तयार करणं म्हणजे पुनर्रचना, बोलीत रिकन्स्ट्रक्शन. ती प्लास्टिक सर्जनच करतात, पण भाजलेल्या हातावर कातडी लावणारे आणि मशीनमध्ये तुटलेलं बोट जोडणारेही तेच. हा प्रकार नवाही नाही. १८९५ साली जर्मनीत व्हिन्सेन्झ चेर्नी या सर्जननी एका बाईच्या स्तनातली गाठ काढली आणि झालेली पोकळी तिच्याच कमरेजवळच्या चरबीच्या गाठीने भरली.

एक आधीच सांगते. यातून आकार परत मिळतो. दूध येत नाही आणि स्पर्शाची जाणीवही पूर्वीसारखी येत नाही (प्रश्न १४).

२. नुसती गाठ काढूनही भागतं म्हणे. मग माझा पूर्ण स्तन का काढताहेत?

भागतं, पुष्कळ जणींचं भागतं. २००२ साली मिलानमधल्या आणि अमेरिकेतल्या दोन मोठ्या चाचण्यांचे वीस वर्षांचे निष्कर्ष आले. गाठ काढून रेडिएशन घेतलेल्या बायका आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायका, दोघींच्या आयुष्याच्या लांबीत फरक नव्हता. त्यामुळे हा प्रश्न सर्जनला जरूर विचारा.

पूर्ण काढण्यामागे कारणं असतात. गाठ मोठी आणि स्तन लहान, स्तनाच्या वेगवेगळ्या भागांत गाठी, त्या बाजूला आधी घेतलेलं रेडिएशन, बीआरसीए जनुकातला दोष (त्याने स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो). एक कारण वैद्यकीय नसतं, पण मी ते फार ऐकते. रेडिएशनसाठी काही आठवडे रोज शहरात यावं लागतं, आणि गावाकडून आलेल्या बाईला राहायला जागा नसते, म्हणून ती म्हणते काढूनच टाका. असं असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. दवाखान्याच्या समाजसेवा विभागाकडे धर्मशाळांची माहिती असते. राहायची सोय नाही म्हणून स्तन जाऊ नये.

३. नवा स्तन केल्यावर कॅन्सर परत येतो का? आणि आतल्या आत आला तर कळणारच नाही ना?

पुनर्रचनेने कॅन्सर परत येण्याचा धोका वाढत नाही. येणारच असेल तर तो आधीच्या आजाराच्या स्वभावामुळे येतो. मॅस्टेक्टॉमीनंतर त्याच जागी परत आलेली गाठ बहुतेक वेळा कातडीत किंवा कातडीच्या लगत असते. नवा स्तन त्याच्या खाली असतो, त्यामुळे ती हाताला लागते.

फसवणारी गोष्ट वेगळीच आहे. पोटाच्या किंवा पाठीच्या मांसातल्या चरबीचा एखादा तुकडा रक्त न मिळाल्याने कडक होतो आणि खड्यासारखा लागतो. मला तो लागला तेव्हा रात्रभर झोप नव्हती. सोनोग्राफी केली, सुईने तपासलं, मेलेली चरबी निघाली. तरीही कुठलाही नवा खडा ‘चरबीच असेल’ म्हणून घरी ठेवायचा नाही. केलेल्या बाजूची मॅमोग्राफी सहसा लागत नाही. दुसऱ्या स्तनाची मात्र दरवर्षी चुकवू नका.

४. त्याच ऑपरेशनमध्ये करून घ्यावं की सगळे उपचार संपल्यावर?

दोन्ही चालतं. त्याच वेळी केलं तर स्तनाची मूळ कातडी वाचवता येते, कधी निपलसुद्धा, आणि आकार जास्त नैसर्गिक येतो. शुद्धीवर येताना छाती सपाट नसते, याचंही मोल आहे. तोटा असा की जखम चिघळली तर पुढची किमो लांबू शकते. सूज आणि लाली घेऊन येणारा, झपाट्याने पसरणारा स्तनाचा कॅन्सर असेल तर डॉक्टर लगेच करत नाहीत. मधुमेह ताब्यात नसेल तरी थांबायला सांगतात.

नंतर करायचं तर मुदत नाही. एक वर्षाने करा, दहा वर्षांनी करा. किमोनंतर काही आठवडे आणि रेडिएशननंतर सहसा सहा महिने ते वर्ष जाऊ देतात.

मला स्वतःला हे कुणी विचारलंच नाही. सही घेतली, तारीख दिली, ‘जीव महत्त्वाचा’ म्हणाले. जीव महत्त्वाचा होताच, पण प्रश्न विचारायला दोन मिनिटं लागली असती. म्हणून माझं मत आहे की मॅस्टेक्टॉमीच्या तारखेआधी प्लास्टिक सर्जनची एक भेट मागून घ्या. करायचं नाही असं ठरलं असलं तरी मागा. कातडी किती ठेवायची हे त्याच दिवशी ठरतं आणि गेलेली कातडी परत येत नाही.

५. सिलिकॉन घालावं की स्वतःचं मांस?

सिलिकॉनचा तयार स्तन आत बसवतात, त्याला इम्प्लांट म्हणतात. त्याचं ऑपरेशन छोटं, दुसरीकडे कुठे कापाकापी नाही, घरी लवकर जाता येतं. कातडी पुरेशी असेल तर ते थेट बसवतात. नाहीतर आधी एक्स्पान्डर नावाची रिकामी पिशवी ठेवून त्यात दर आठवड्या-दोन आठवड्यांनी सलाइन भरत कातडी ताणतात आणि काही महिन्यांनी ती बदलून कायमचं इम्प्लांट घालतात. स्वतःच्या मांसाचं ऑपरेशन मोठं, टाके दोन ठिकाणी, आणि सावरायला वेळ लागतो. पण एकदा जगलं की ते तुमचंच. गरम लागतं, मऊ असतं, वयाबरोबर उतरतं. वजन वाढलं की तेही वाढतं. माझ्या डाव्या स्तनाला अजून वाटतं की आपण पोटच आहोत; दिवाळीनंतर तो उजव्यापेक्षा मोठा दिसतो.

कुठलं चांगलं याला एकच उत्तर नाही. रेडिएशन होणार असेल (प्रश्न ९), पोटावर मांस असेल आणि आठ तासांचं ऑपरेशन झेपणार असेल तर मी स्वतःचं मांस म्हणेन. लहान स्तन, सडपातळ अंग, घरी लहान मूल आणि मदतीला कुणी नाही, अशा बाईला इम्प्लांटच सोयीचं पडतं.

६. पोटाचं मांस घेतात म्हणजे आतडी उघडतात का?

नाही, आतड्यांपर्यंत जातच नाहीत. बेंबीखालची कातडी आणि चरबी एका नौकेच्या आकारात उचलतात. टाका या कमरेच्या हाडापासून त्या हाडापर्यंत येतो आणि बेंबीची जागा नव्याने करावी लागते.

रक्तवाहिनीसकट उचललेल्या मांसाला फ्लॅप म्हणतात. जुन्या पद्धतीत, ट्रॅम फ्लॅपमध्ये, चरबीबरोबर पोटाचा स्नायूही घेतात. कार्ल हार्टरॅम्फ यांनी ती १९८२ मध्ये मांडली. त्यात पोट सैल पडण्याचा किंवा हर्निया होण्याचा धोका जास्त. नंतर आलेल्या डीआयईपी पद्धतीत (दवाखान्यात सगळे ‘डीप’च म्हणतात) स्नायू जागीच ठेवून त्यातून जाणारी रक्तवाहिनी सोडवून काढतात. ही वाहिनी दोनेक मिलिमीटर जाडीची. ती छातीच्या मधल्या हाडालगतच्या वाहिनीला मायक्रोस्कोपखाली, केसाहून बारीक धाग्याने जोडतात. सगळा खेळ त्या जोडाचा आहे. म्हणूनच सर्जनला बिनधास्त विचारा, ‘तुम्ही ही वर्षाला किती करता?’ चांगल्या सर्जनला या प्रश्नाचा राग येत नाही.

७. माझं सिझेरियन झालंय, कुटुंब नियोजनाचंही ऑपरेशन झालंय. तरी पोटाचं मांस चालेल?

बहुतेक वेळा चालतं. सिझेरियनचा आडवा व्रण खालीच असतो आणि कापायच्या भागातच येतो. दुर्बिणीतून केलेल्या नसबंदीचे बारीक व्रणही अडत नाहीत. पोटाच्या मधोमध उभा लांब व्रण असेल तर रक्तपुरवठा दोन भागांत तुटलेला असू शकतो, मग पूर्ण मांस वापरता येत नाही. आधी सीटी अँजिओग्राफी करून वाहिन्या कुठून जातात हे पाहतात, त्यात कळतं. पोट कमी करायची शस्त्रक्रिया (टमी टक) झाली असेल तर मात्र हा रस्ता बंद. आणि हे मांस आयुष्यात एकदाच मिळतं. दुसऱ्या स्तनाची शक्यता असेल तर आधीच बोलून ठेवा (प्रश्न १८).

८. मी अंगाने अगदी काटकुळी. पोटावर काहीच नाही. मग?

पाठीचं मांस घेता येतं. बगलेच्या मागच्या मोठ्या पसरट स्नायूला लॅटिसिमस डॉर्सी म्हणतात. कातडीच्या तुकड्यासह तो बगलेखालून पुढे फिरवतात. त्याची रक्तवाहिनी तोडावीच लागत नाही, त्यामुळे हे ऑपरेशन भरवशाचं आहे. इटलीतल्या इजिनिओ तान्सिनी यांनी १९०६ मध्येच ते वर्णन केलं होतं. आकार लहान येतो, मोठ्या स्तनासाठी खाली इम्प्लांट लागू शकतं. पाठीत काही आठवडे पाणी साठतं आणि ते सुईने काढावं लागतं.

हा स्नायू हात वरून खाली ओढायच्या कामाचा आहे. रोजच्या स्वयंपाकाला फरक पडत नाही. विहिरीचं पाणी शेंदणाऱ्या, शेतात खुरपणी-तोडणी करणाऱ्या किंवा पोहणाऱ्या बाईला जाणवतो. काम काय करता हे सर्जन नेहमी विचारतीलच असं नाही, आपणच सांगावं. मांडीच्या आतल्या किंवा मागच्या बाजूचं मांस घेण्याच्याही पद्धती आहेत, पण त्या थोड्याच ठिकाणी होतात.

९. मला शेक घ्यायचे आहेत. त्याने नवा स्तन खराब होईल का?

रेडिएशनला आपल्याकडे शेक म्हणतात आणि त्यामुळे तो काही सौम्य प्रकार वाटतो. किरणांनी कातडी आणि खालचं मांस आक्रसतं, जाड होतं, त्यातला रक्तपुरवठा कमी होतो. इम्प्लांटभोवती शरीर एक पातळ आवरण तयार करतंच. शेक दिल्यावर ते आवरण घट्ट होऊन इम्प्लांट आवळण्याची शक्यता बरीच वाढते. स्तन टणक होतो, वर सरकतो, दुखतो. कधी इम्प्लांट काढावं लागतं.

शेक लागणार हे आधीच पक्कं असेल तर पुष्कळ सर्जन सांगतात की शेक संपू द्या, मग पोटाचं किंवा पाठीचं मांस आणू. नवं मांस स्वतःचा रक्तपुरवठा घेऊन येतं, म्हणून ते जळालेल्या जागीही रुजतं. काही जण तात्पुरता एक्स्पान्डर ठेवून कातडी वाचवतात. शेक लागतील की नाही हे कधीकधी काखेतल्या गाठींचा रिपोर्ट आल्यावरच कळतं, तेव्हा सर्जन ‘बघू’ म्हणाले तर ती टाळाटाळ समजू नका.

१०. आईला मिश्री लावायची सवय आहे. तंबाखू खात नाही ती. सांगायला हवं का?

सांगायलाच हवं. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. दात घासायची पूड म्हणून घरोघरी असते, म्हणून बायका फॉर्मवर ‘तंबाखू नाही’ लिहितात आणि त्या खोटं बोलत नसतात, त्यांना ते तंबाखू वाटतच नाही. त्यातल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात. दोन मिलिमीटरच्या वाहिनीवर सगळी मदार असताना हे परवडत नाही. कातडी काळी पडते, मांस मरतं. निदान चार आठवडे आधीपासून बंद आणि जखमा भरेपर्यंत बंदच. विडी, सिगारेट, गुटखा, तपकीर सगळ्याला हाच नियम. निकोटिनच्या गोळ्या-पट्ट्यांतही निकोटिन असतं, त्या सर्जनला विचारूनच.

११. टॅमॉक्सिफेन चालू आहे. ऑपरेशनच्या आधी थांबवू का?

स्वतःच्या मनाने अजिबात नाही. टॅमॉक्सिफेन ही कॅन्सर परत येऊ नये म्हणून देतात ती हार्मोनची गोळी. तिने रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका थोडा वाढतो, म्हणून रक्तवाहिनी जोडायची असेल तर काही सर्जन दोन ते चार आठवडे ती थांबवायला सांगतात. ते कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलून ठरतं. काढे आणि आयुर्वेदिक गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा, रागावले तरी सांगा.

१२. इम्प्लांट किती वर्षं टिकतं? फुटतं का? त्यानेच कॅन्सर होतो असं वाचलंय.

जन्मभराची हमी नसते. कुणाचं दहा वर्षांत बदलावं लागतं, कुणाचं वीस वर्षं चालतं. सिलिकॉनचं फुटलं तर फुग्यासारखं बसत नाही. जेल आतच राहतं आणि बाईला पत्ताही लागत नाही. म्हणून अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय साधनांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०२० मध्ये सांगितलं की काही त्रास नसला तरी पाच-सहा वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करा आणि मग दर दोन-तीन वर्षांनी.

कॅन्सरची गोष्ट खरी आहे, पण तोलून समजून घ्या. बीआयए-एएलसीएल हा एक दुर्मिळ लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, इम्प्लांटभोवतीच्या आवरणात होतो. त्याचा संबंध मुख्यतः खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी आहे, आणि तसा एक प्रकार २०१९ मध्ये जगभरातून परत बोलावला गेला. लक्षण साधारणपणे असं की ऑपरेशन होऊन वर्षं लोटल्यावर अचानक एका बाजूला सूज येते, पाणी साठतं. लवकर कळला तर इम्प्लांट आणि आवरण काढून बहुतेक जणी बऱ्या होतात. तुमचं इम्प्लांट गुळगुळीत की खरखरीत, कंपनी कुठली, क्रमांक काय, हे एका कार्डावर मिळतं. ते कार्ड रेशनकार्डाइतकं जपा.

१३. एक्स्पान्डर असताना एमआरआय सांगितलाय. करू का? आणि ती जाळी कसली घालतात? आम्ही शाकाहारी आहोत.

पहिल्याचं उत्तर: थांबा, आधी विचारा. पुष्कळ एक्स्पान्डरमध्ये सलाइन भरायची जागा बाहेरून सापडावी म्हणून आत चुंबक असतं. अशांना एमआरआय चालत नाही. एमआरआयच्या टेबलावर ‘शरीरात धातू आहे का’ विचारतात तेव्हा बायका मंगळसूत्र काढतात आणि ‘नाही’ म्हणतात! कायमच्या सिलिकॉन इम्प्लांटला ही अडचण नाही. विमानतळावरच्या तपासणीत एक्स्पान्डर वाजू शकतो, डॉक्टरांचं पत्र जवळ ठेवा.

जाळीचं असं की इम्प्लांट खालून तोलायला कधी एक पातळ पडदा शिवतात. तो बहुधा डुकराच्या, गाईच्या किंवा दान केलेल्या माणसाच्या कातडीतून पेशी धुऊन काढून बनवलेला असतो. हे मुद्दाम कुणी सांगत नाही. चालणार नसेल तर सहीच्या आधी बोला. कृत्रिम धाग्याच्या जाळ्या मिळतात, आणि स्तन मोठा, ओघळलेला असेल तर त्याचीच जास्तीची कातडी आतून आधाराला वापरता येते.

१४. स्पर्श कळतो का? आणि निपलचं काय?

बहुतेक भाग बधिर राहतो. कडेकडेने, वर्षा-दोन वर्षांत, थोडी जाणीव परतते. पोटाचं मांस घेतलं असेल तर पोटही बेंबीखाली बधिर. याचा एक प्रत्यक्ष धोका आहे. पाठ-पोट दुखलं की आपण गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपतो. बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही आणि सकाळी फोड दिसतात. पिशवी त्या जागी नकोच, बर्फही नको.

मूळ निपल वाचवता येतं का हे गाठ त्यापासून किती दूर आहे यावर ठरतं. नाही वाचलं तर तीन-चार महिन्यांनी, आकार स्थिरावल्यावर, तिथल्याच कातडीच्या घड्या घालून उंचवटा करतात आणि भोवती रंग गोंदवतात. नुसतं गोंदवूनही खरं वाटेल असं निपल काढणारे लोक आहेत. पुष्कळ जणी इथपर्यंत येतच नाहीत. ब्लाउजमध्ये बसला, पुरे झालं म्हणतात. मीही त्यातलीच.

१५. दवाखान्यात किती दिवस? घरी आल्यावर काय काय जमणार नाही?

इम्प्लांट असेल तर दोन-तीन दिवस, पोटाचं मांस असेल तर साधारण पाच ते सात. जखमेतलं पाणी बाटलीत काढणाऱ्या ड्रेनच्या नळ्या अंगाला लावून घरी पाठवतात. बाटलीतलं पाणी रोज एकाच वेळी मोजून वहीत लिहायचं. चोवीस तासांत तीसेक मिलिलिटरच्या खाली आलं की नळी काढतात. समोरून उघडणारे गाऊन शिवून घ्या, आणि बाटल्यांसाठी गळ्यात अडकवायची कापडी पिशवी. मी नातवाची डब्याची पिशवी वापरली.

पोटाच्या टाक्यामुळे पहिले आठ-दहा दिवस वाकूनच चालावं लागतं आणि गुडघ्यांखाली उशी घेऊन झोपावं लागतं. परकराची नाडी नेमकी टाक्यावर येते. दोन-तीन महिने साडी नको, नेसलीच तर सैल इलॅस्टिकचा परकर. सहा आठवडे भरलेला हंडा, सिलिंडर, नातवंडं, काही उचलायचं नाही. स्कूटरही तोवर बंद. हाताचे व्यायाम मात्र सांगितल्या दिवसापासून करायचेच, नाहीतर खांदा धरतो.

आणि ‘आता बरी दिसतेस, चल स्वयंपाक कर’ म्हणणाऱ्यांसाठी डॉक्टरांकडून सहा आठवड्यांची विश्रांती कागदावर लिहून घ्या. कागदाला घरात मान असतो.

१६. खर्च किती? विमा किंवा सरकारी योजनेत बसतं का?

आकडा मी लिहीत नाही, कारण शहर, दवाखाना, खोली आणि पद्धत यांनुसार तो कित्येक पटींनी बदलतो. इम्प्लांटची किंमत पॅकेजमध्ये आहे की वेगळी, हे आधी लेखी विचारा. मायक्रोस्कोपवाल्या ऑपरेशनमध्ये परत थिएटरमध्ये न्यावं लागलं तर त्याचे पैसे कसे, हेही.

खासगी आरोग्य विमा असेल तर हे पाठ करून ठेवा. आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) प्रमाणित नियमांत ‘कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी’ वगळलेली आहे, पण त्याच कलमात अपघात, भाजणं आणि कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना हा अपवाद लिहिलेला आहे. पॉलिसीत हे वगळणूक क्रमांक ०८ म्हणून असतं. ‘कॉस्मेटिक आहे’ म्हणून दावा नाकारला तर ते कलम दाखवा, सर्जनकडून ‘कॅन्सरनंतरची पुनर्रचना’ असे शब्द लिहून घ्या, आणि तरी नाही तर विमा लोकपालाकडे जा. कागदपत्रांत ‘ब्रेस्ट ऑगमेंटेशन’ असा शब्द चुकूनही पडू देऊ नका.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. पण उपचार ठरलेल्या पॅकेजनुसारच मिळतात. मॅस्टेक्टॉमी बसते, तुमची पुनर्रचना बसते का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदत कक्षावरचा माणूस) तारीख घेण्याआधी विचारा. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेसाठी हीच चौकशी करा. मुंबईत केईएम, जेजे, सायन अशा सरकारी-महापालिकेच्या दवाखान्यांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत, परळच्या टाटातही आहे. तिथे खर्च कमी, रांग मोठी.

१७. आई ६६ वर्षांची आहे. नातेवाईक म्हणतात, या वयात कशाला? आम्हालाही कळत नाही काय म्हणावं.

आईला विचारलंत का? वयाची अट नाही. हृदय, फुप्फुसं, साखर ठीक असली तर साठीतल्या, सत्तरीतल्या बायकाही करून घेतात. एका बाजूला जड स्तन आणि दुसरीकडे काही नाही, यामुळे मान-पाठ धरते, तोल जातो, पदर एकीकडून घसरतो. हा त्रास वय बघून येत नाही. आणि नको म्हणत असेल तर तेही तिचंच. ‘कुणासाठी दिसायचंय आता’ हे वाक्य मात्र तिच्यासमोर बोलू नका. ते मला एका नातेवाईक बाईंनी म्हटलं होतं, चहाचा कप हातात देता देता.

१८. बीआरसीए पॉझिटिव्ह आलंय. दुसराही काढून दोन्ही एकदमच करता येतील?

येतात. दोष सापडलेल्या बाईला दुसऱ्या स्तनात कॅन्सर होण्याचा धोका बराच असतो, म्हणून तो आधीच काढणं हा एक पर्याय आहे. दर वर्षी एमआरआय आणि मॅमोग्राफी करत लक्ष ठेवणं हा दुसरा. दोन्ही एकदम केले तर आकार सारखा येतो आणि पोटाचं मांस दोघांत वाटता येतं. म्हणूनच जनुकाचा रिपोर्ट ऑपरेशनच्या आधी हातात असलेला बरा. दोष नसताना नुसत्या भीतीने चांगला स्तन काढून आयुष्य वाढत नाही, हेही डॉक्टरांकडून समजून घ्या.

१९. मी ३१ वर्षांची आहे. पुढे मूल हवंय. पोटाचं मांस घेतलं तर गरोदरपण झेपेल?

झेपतं. पोटाचं मांस दिलेल्या बायकांची बाळंतपणं झाली आहेत. साधारण एक वर्ष जाऊ द्यायला सांगतात. स्नायू घेतला असेल (प्रश्न ६) तर जास्त काळजी. टॅमॉक्सिफेनवर असताना दिवस जाऊ द्यायचे नसतात, ते वेळापत्रक कॅन्सरच्या डॉक्टरांबरोबर बसवावं लागतं. बाळाला पाजता येतं, न काढलेल्या बाजूने. एका बाजूवर बाळं वाढतात.

२०. ऑपरेशन फसलं तर?

पहिले दोन दिवस नर्स तासातासाला येऊन रंग बघते, हात लावून ऊब बघते, छोट्या यंत्राने नाडीचा आवाज ऐकते. झोपू देत नाहीत म्हणून चिडू नका. जोडात गुठळी झाली तर लगेच पुन्हा थिएटरमध्ये नेऊन सोडवता येते, वेळ मात्र हातात काही तासांचाच असतो. शंभरात एक ते पाच जणींचं मांस पूर्ण मरतं आणि काढावं लागतं. मग काही महिने थांबून पाठीचं मांस किंवा इम्प्लांट. ते दुःख दुसऱ्यांदा स्तन गेल्यासारखं असतं, हे मी दोघींच्या शेजारी बसून पाहिलंय.

२१. मला काहीच करायचं नाहीये. चालेल ना?

चालेल. पण सर्जनला सांगा, ‘सपाट ठेवा, नीट ठेवा’. नंतर करायला उपयोगी म्हणून किंवा लक्ष न दिल्याने कातडीच्या घड्या आणि बगलेकडे लोंबता गोळा राहतो, तो ब्रेसियरखाली टोचतो. सपाट, स्वच्छ शिवण हेही एक कौशल्याचं काम आहे.

बाहेर जाताना आकार हवा असेल तर खिसा शिवलेल्या ब्रेसियरमध्ये घालायचा सिलिकॉनचा स्तन मिळतो. वजन सारखं असल्याने पाठीला बरं, पण उन्हाळ्यात घाम येतो. सुती धाग्याने विणलेले हलके स्तन ‘निटेड नॉकर्स’ या नावाने स्वयंसेवक मोफत देतात, भारतातही. मी सहा वर्षं घरी शिवलेली पिशवी वापरली, आत मोहरी आणि कापूस. एकदा लग्नाच्या पंगतीत शिवण उसवली आणि मोहऱ्या खाली सांडल्या. शेजारच्या काकूंना वाटलं फोडणीचा डबा कुणी पाडला.

२२. माझ्या वडिलांना स्तनाचा कॅन्सर झालाय. पुरुषांचं काय करतात?

स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांत साधारण एक पुरुष असतो. त्यांची छाती मुळात सपाट, त्यामुळे पुनर्रचना क्वचित लागते. कातडी फार गेली तर फ्लॅप, आणि हवं असेल तर निपल गोंदवून.

२३. इम्प्लांट घालून चार वर्षं झाली. आता ते अंगात नकोसं वाटतं. काढलं तर वेडी म्हणतील का?

म्हणतील कदाचित, पण काढता येतं. कारण दुखणं असेल, आवळलेलं आवरण असेल (प्रश्न ९), किंवा सततचा थकवा आणि सांधेदुखी असेल, तर आधी तपासण्या करून घ्या. थकव्याचं कारण थायरॉइड किंवा हार्मोनच्या गोळ्याही असू शकतात. इम्प्लांटमुळे असा त्रास होतो असं सांगणाऱ्या बायका आहेत आणि काढल्यावर काहींना बरं वाटतं, पण ते आधी सांगू शकेल अशी तपासणी नाही. काढल्यावर छाती सपाट करून घेता येते किंवा त्याच वेळी पोटाचं मांस आणता येतं. आवरणही काढायचं की ठेवायचं हे इम्प्लांट कुठल्या प्रकारचं आहे त्यावर ठरतं, म्हणून जाताना ते कार्ड बरोबर न्या.